तिसरा माझा

ओक्लाहोमातल्या आमच्या गावात मुलींच्या सॉफ्टबॉलला दोन अंपायर हवेत म्हणून मी पार्क कमिटीशी भांडभांड भांडले. कमिटीला एकावर भागवायचं होतं. माझी जोडीदार विनोना टीग, शाळेच्या बसची ड्रायव्हर, सबंध गावाला दरडावणारी बाई. ती फलंदाज उभी राहते त्या होम प्लेटमागे, मी बेसवर. चेंडू लांब गेला की ती तिसऱ्या बेसकडे धावत ओरडायची, "तिसरा माझा." मग मी निर्धास्तपणे दुसरा सांभाळायची.

शनिवारी एक पोरगी तिसऱ्या बेसवर घसरत आली, तरी विनोनाचा आवाज नाही. मी लांबूनच आऊट दिला. त्याच क्षणी तिने सेफ दिला.

"दोन बाया, दोन निकाल," कोच हसला. "एकच परवडली असती."

कमिटीचा ह्यूबर्ट बाकावर बसून ऐकत होता.

आम्ही बाजूला गेलो. "कुठे तडमडली होतीस गं?"

"अर्ध्या वाटेत. माझा गुडघा आखडला. पण चेंडू धरलेला हात पोरीला लागलाच नाही, मी पाहिलंय. तू पाहिलंस?"

"नाही. मधे खेळाडू होती."

सेफच राहिला.

"महिनाभर घरी बस," मी म्हणाले.

"मी बसले तर ह्यूबर्ट दुसरी आणणार आहे होय?"

मी माझ्या जागेवर परतले.

पुढच्या डावात चेंडू पुन्हा लांब गेला. "तिसरा माझा." आवाज खणखणीत आला, पण मागे पावलं वाजली नाहीत. मी दुसरा सोडून तिसऱ्याकडे धावले. ह्यूबर्ट बाकावरून उठून कुंपणाशी येऊन मोकळ्या पडलेल्या दुसऱ्या बेसकडे बघत उभा राहिला.