उपटायचा नाही असा प्लग

ढग वाजले की मी प्लग उपटते. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, वायफायचा डबा, सगळ्यांचे. ही सवय माझ्या हाताला आहे, डोक्याला विचारावं लागत नाही.

नवी नवरी होऊन कुसगावात आले, त्याच सुमारास आमच्या घरात पहिला टीव्ही आला. त्या वेळची मी म्हणजे एक नमुनाच. गडगडायला लागलं की अँटेनाची वायर काढून लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडायची आणि टीव्हीवर घोंगडी टाकायची. म्हणजे वीज आलीच तर बरणीत कोंडली जाईल आणि टीव्हीला थंडीही वाजणार नाही! सासूबाई म्हणायच्या, "बरणी रिकामी हाय का बघितलंस का? न्हाईतर लोणचं करपंल." आणि ही शहाणी खरंच बघून यायची.

घोंगडीचा वेडेपणा गेला, प्लगची सवय राहिली. ती मात्र वेडी नाही. भिंतीतून सुटलेल्या वस्तूला तारेतली वीज काय करणार?

मग यंदा गणपती उठल्यावर ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. उभी हयात खडीच्या क्रशरवर मुकादमी केली, तिथली धूळ छातीत बसलेली. सोबत ऑक्सिजनचं मशीन आलं. हवेतून ऑक्सिजन गाळायचा आणि नळीनं नाकात सोडायचा, एवढंच त्याचं काम. रात्रंदिवस घुर्र घुर्र. डॉक्टरांनी बजावलं होतं, मशीन बंद ठेवायचं नाही. लाइट गेली तर लगेच कोपऱ्यातला सिलिंडर जोडायचा.

परतीच्या पावसाचे दिवस होते. भात सोंगणीला आलेलं आणि दुपारी पवना धरणाच्या बाजूनं काळंभोर भरून आलं. पहिला कडकडाट झाला तशी मी निघाले. टीव्ही उपटला, फ्रिज उपटला, ह्यांच्या खोलीत जाऊन तिथलाही उपटला. लगेच मशीन केकाटायला लागलं.

"अहो, मेलं! मशीनवर वीज पडली!" मी ओरडले.

ह्यांना बोलता येईना. खांदे वरखाली होत होते. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. माझ्या हाताकडे. हातात प्लग होता.

परत लावला. बऱ्याच वेळानं दम खाली बसल्यावर म्हणाले, "इजंनं सोडलं, पर बायकोनं न्हाई सोडलं."

मी खो खो हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. ह्यांच्या ओठांचा रंग मी बघितला होता. त्याच पावसात पलीकडच्या घरातला टीव्ही आणि पंप दोन्ही जळाले, हे संध्याकाळी कळलं. म्हणजे उपटला तर ह्यांचा श्वास जातो, आणि नाही उपटला तर मशीन जातं. सिलिंडर जेमतेम काही तास पुरणारा, दर गडगडाटाला तो कसा संपवायचा? आता करायचं काय? रात्री पंख्याचा आवाज बदलला तरी मी उठून मशीनला हात लावून बघायची.

सुनेला घेऊन कामशेतला विजेच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं चार भोकांची पट्टी पुढे केली. "हे घ्या मावशी, स्पाइक गार्ड. बघा, लाल दिवा लागतो."

"लाल दिवा आमच्या देव्हाऱ्यात पण लागतो. त्यानं वीज थांबते का?"

"मग स्टॅबिलायझर न्या. भारीतला देतो."

सून वराळ्याच्या कारखान्यात नोकरी करते, तिला असल्या वस्तूंची थोडी माहिती. ती म्हणाली, "आई, स्टॅबिलायझर व्होल्टेज कमीजास्त झालं तर सांभाळतो. विजेचा झटका डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो, तो त्याला झेपत नाही. आणि मशीनवाल्यांनी सांगितलंय, मशीन पट्टीवर लावायचं नाही, थेट भिंतीत."

"मग भिंतीतच काहीतरी बसव."

"तेच म्हणतेय. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसतो. झटका आला की तो जमिनीकडे वळवतो. पण आपलं अर्थिंग धड पाहिजे. आणि वीज थेट खांबावरच पडली तर कुणीच खात्री देत नाही."

शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. परतीच्या वाटेवर मी प्रत्येक खांबाकडे बघत आले.

वायरमननं तपासलं तर आमचं अर्थिंग नावालाच. नवीन खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरला, पाणी सोडलं. बोर्डात छोटी डबी बसली. तिच्या खिडकीत हिरवा रंग दिसला तर ती शाबूत, लाल झाला तर बदलायची. मी दिवसातून किती वेळा तिथं डोकवायची हे घरचे सांगत नाहीत, नुसते हसतात.

परवा पुन्हा गडगडलं. टीव्ही उपटला, फ्रिज उपटला आणि ह्यांच्या खोलीच्या दारात थबकले. हात शिवशिवत होते. ह्यांनी प्लगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हितं बस," ते म्हणाले. "माज्या उशाशी. दोनी हात दिसू देत मला."

बसले. दोन्ही हात मांडीवर, शाळेतल्या पोरीसारखे. खिडकी पांढरी झाली आणि त्याच क्षणी असा आवाज झाला की पलंगाची पट्टी हादरली. दिवे गेले. मशीन केकाटलं. मी पान्यानं सिलिंडर उघडला, नळी बदलली, काटा हलला का बघितलं. क्रम चुकला नाही.

"येतंय का?"

"येतंय. रडू नगंस."

"मी कुठं रडतेय?"

लाइट आली तेव्हा आधी बोर्डाकडे गेले. डबीची खिडकी लाल. झटका आला होता आणि डबीनं तो स्वतःवर घेतला होता. मशीनचं बटन दाबायला माझं बोट पुढे होईना. शेवटी ह्यांनीच वाकून दाबलं. घुर्र झालं.

लगेच वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, नवी डबी उद्या सकाळी आणतो."

पण ढग अजून हलले नव्हते आणि जुनी डबी आता दुसरा झटका अडवणार नव्हती. म्हणून मी ह्यांना सिलिंडरवरच ठेवलं, मशीन नीट बंद केलं, ह्यांच्या देखत, सांगून, त्याचा प्लग काढला आणि सिलिंडरच्या काट्यासमोर खुर्ची ओढून बसले.