तुसाचा खड्डा

पोरांचे हातपाय चोळून देणारी ती बाई खालच्या पाड्यावरून डोंगर चढून जव्हारला यायची. मी संस्थानच्या कचेरीतला कारकून, तरी मला 'तू'च म्हणायची. राजालाही तसंच म्हणाली असती.

माझी पाच वर्षांची लेक उभी राहत नव्हती. पाय ताठ होऊन एकमेकांत अडकायचे. बाईनं आमच्या परसात पोरीच्या कमरेइतका खड्डा खणला. पाय चोळून ती पोरीला त्यात उभं करायची आणि भोवती भाताचं तूस भरायची. चोळताना बैलांशी बोलावं तसं पायांशी बोलायची, "डावा गुणाचा हाय, उजवा लबाड." पोरगी खिदळली की पाय सैल पडायचे.

मला तो खड्डा बघवत नसे. म्हणून फार उशिरा ध्यानात आलं, की तूस आता पोरीच्या गुडघ्यापर्यंतच येतंय. बाई रोज जाताना तळाशी ओंजळभर माती दाबत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"तू भ्याला असतास, दादा. तुझं तोंड बघून पोर भ्याली असती."

खड्डा पुरता भरला त्या दिवशी तिनं पोरीला त्या मातीवर उभं केलं आणि मला पाठ फिरवायला लावली. मग स्वतःही माझ्या शेजारी येऊन पाठमोरी उभी राहिली.

मागून पोरीचं खिदळणं ऐकू आलं. ते जमिनीवरून नव्हे, माझ्या कमरेच्या उंचीवरून येत होतं.