डबा भरलेलाच परत यायचा

मुलगी नर्सरीत जायला लागली तेव्हा मला वाटलं, अवघड काम सगळं उरकलं. दिल्लीतल्या आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरपासून पायी जाण्याइतक्या अंतरावरच्या शाळेत प्रवेश मिळाला होता, युनिफॉर्म शिवून आला होता, टाय इलॅस्टिकचा होता. राहिला होता फक्त डबा. पोळी करता येणाऱ्या बाईला डबा भरणं म्हणजे काय मोठंसं, असं मी ऑफिसात चारचौघींना ऐकवलंसुद्धा होतं.

डबा माझ्या आईने पुण्याहून पाठवला होता. स्टीलचा, गोल, फिरकीच्या झाकणाचा. आमटी भरून उलटा टांगला तरी थेंब सांडणार नाही, अशी आईची हमी होती. नर्सरीतल्या मुलीला आमटी कोण देतं, पण मला ती हमी फार आवडली.

पहिल्या दिवशी मी तूप-साखर लावून पोळीची सुरळी दिली. ती तशीच परत आली. पहिलाच दिवस, रडारड झाली असेल, म्हणून मी सोडून दिलं. मग तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या, त्याही परत आल्या. मग शिरा केला. संध्याकाळी डबा उघडला तर शिऱ्यावर लावलेला काजू जागचा हललेला नव्हता. काजू! ही मुलगी घरी काजूसाठी खुर्चीवर खुर्ची चढवायची.

"आवडलं नाही का गं?" मी विचारायची.

"माहीत नाही," ती म्हणायची आणि उड्या मारत खाली खेळायला पळायची.

हे 'माहीत नाही' मला फार झोंबायचं. मला वाटायचं, एवढ्याशा जिवाला आईचं मन कसं न दुखवावं हे कळतंय, किंवा कसं दुखवावं हे कळतंय. बरं, भुकेली म्हणावी तर तसंही नाही. शाळेतून यायची ती टवटवीत, गालबिल लाल. न जेवता पोरगी बाळसं कशी धरते, हे मला काही केल्या उमगेना.

नवऱ्याला मात्र या सगळ्याचा काही त्रास नव्हता. तो सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर. संध्याकाळी चार्टर्ड बसमधून उतरून घरी आला की हातपाय धुऊन सरळ मुलीच्या डब्याकडे जायचा आणि चहाबरोबर त्यात असेल ते संपवायचा.

"मॅटर सीरियस आहे," तोंडात शिऱ्याचा घास असताना तो म्हणायचा. "पण घाईत डिसिजन घेऊ नकोस. सगळे ऑप्शन नीट एक्झामिन करू. उद्या घावन देऊन बघ ना. सोबत ती नारळाची चटणी असू दे. म्हणजे, तिला आवडेल."

मी घावन दिले. चटणी दिली. त्याला फार आवडली.

शेवटी मी भाजणी काढली. दिल्लीत भाजणी म्हणजे गंगाजळ. पुण्याहून कुणी येणार असलं की त्याच्या सामानात ती यायची, आणि मी ती पाहुण्यांनाही लपवून ठेवायची. त्या सकाळी मी कांदा-कोथिंबीर घालून छोटी छोटी थालीपिठं लावली, वर लोण्याचा गोळा ठेवला, झाकण दातओठ खाऊन आवळलं आणि मनाशी ठरवलं, आज काय होतं ते डोळ्यांनी बघायचं. ऑफिसातून शॉर्ट लीव्ह घेतली आणि मधल्या सुट्टीच्या वेळी शाळेत जाऊन उभी राहिले.

मुलं वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसली होती. माझी मुलगी भिंतीशी होती. तिने डबा दोन गुडघ्यांच्या मध्ये धरला, दोन्ही हातांनी झाकण पकडलं आणि जीव खाऊन पिळलं. चेहरा लालबुंद झाला. झाकण हललं नाही. मग तिने डबा शांतपणे बाजूला ठेवला, जसं काही हे रोजचंच आहे, आणि शेजारी बसलेल्या दोन वेण्यांच्या मुलीकडे पाहिलं. त्या मुलीने आपल्या आलूच्या पराठ्याचे सरळ दोन तुकडे केले. थोडा मोठा तुकडा माझ्या मुलीला दिला. दोघी न बोलता खायला लागल्या.

मी तिथेच खांबाला टेकले. नवरा रोज संध्याकाळी तो डबा ओट्यावर दणादणा आपटून उघडायचा, ते आठवलं. आम्ही दोघं पदवीधर, दोघं केंद्र सरकार चालवायला मदत करणारे, आणि त्या आपटण्याचा अर्थ एकाच्याही डोक्यात शिरला नव्हता. 'आवडलं का' हे आम्ही तिला रोज विचारलं. 'उघडलं का' हे कुणी विचारलं नाही. ती माहीत नाही म्हणत होती ते खरंच होतं. तिने आत काय आहे ते कधी पाहिलंच नव्हतं.

एवढ्यात तिची टीचर माझ्याकडे आली. फार प्रेमळ, थोडी जाडसर बाई.

"अच्छा हुआ आप आ गईं," ती म्हणाली. "बच्ची बिल्कुल ठीक है जी, बस लंच टाइम में छोटे भाई को बहुत याद करती है."

"छोटा भाई?" मी म्हटलं. आम्हाला एकच मूल.

"हाँ जी, झाकण. शुरू-शुरू में तो रोज मेरे पास आकर बोलती थी, झाकण, झाकण. मैं समझाती थी, बेटा, रोना नहीं, घर जाकर झाकण से मिल लेना."

घरी फक्त मराठी बोलायचं, हा आमचा नियम. हिंदी काय, दिल्लीची हवाच शिकवील, असं नवरा म्हणायचा. हवेने अजून 'ढक्कन' शिकवलं नव्हतं. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले, आणि मी टीचरला झाकण म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून पायरीवर बसलीच.

मग आम्ही तो डबा उघडायला घेतला. माझ्याच्याने उघडेना. टीचरने पदरात धरून पिळला, तरी नाही. शेवटी पायरीच्या कडेवर आपटून उघडला. लोणी वितळून थालीपिठात मुरलं होतं. मुलगी आत डोकावून म्हणाली, "अय्या, आई, थालीपीठ! तू आधी का नाही दिलंस?"

दोन वेण्यांच्या मुलीने मान लांब करून पाहिलं. "आंटी, ये तो जल गया है," ती गंभीरपणे म्हणाली. आणि जळकं जळकं म्हणत दोन खाऊन टाकली.

मी तिला विचारलं, "बेटा, तू रोज इसको अपना पराठा क्यों देती थी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू या आंटीला काहीच कळत नाही. "ये मुझे देखती रहती थी ना," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी बाजारातून प्लास्टिकचा, बोटाने उघडणारा डबा आणला. दुसऱ्या दिवसापासून डबा चाटूनपुसून परत यायला लागला. मी हवेत. नवरा उदास. चहाबरोबर त्याला नुसती बिस्किटं खाताना बघून मला थोडी दया यायची, पण फार नाही.

माझं हवेत असणं जेमतेम महिनाभर टिकलं. एका रविवारी दारावर थाप पडली. दोन वेण्यांची मुलगी आणि तिची आई. त्या मागच्या ब्लॉकमध्येच राहायच्या, हे तेव्हा कळलं.

"बहनजी," ती बाई आत येता येता म्हणाली, "मेरे पराठे आजकल वापस आ रहे हैं. ये कहती है, मुझे वो जली हुई वाली रोटी चाहिए. आप मुझे सिखा दो."

मी तिला शिकवायला बसले तेव्हा माझा आवाज जरा चढलाच असणार. ओल्या फडक्यावर थापायचं, मध्ये बोटाने भोक पाडायचं, भोकात तेल सोडायचं. भाजणी दाखवली, पण द्यायला हात धजेना, वाटीभर दिली. ती संपल्यावर बाई थांबली नाही. तिने कणीक, बेसन, थोडं बाजरीचं पीठ एकत्र केलं, भरपूर कांदा घातला, ओवा चुरडला आणि तेलाऐवजी साजूक तूप सोडलं. त्याला ती 'थालीपीट' म्हणायची. मी मनात हसत होते. याला भाजणी नाही, याला धने नाहीत, हे कसलं थालीपीठ?

मग एकदा मुलगी त्यांच्याकडे जेवून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आई, काकूंचं थालीपीठ जास्त मस्त असतं. तू त्यांच्याकडून शिक ना."

नवरा पेपरच्या आड गेला. पेपर हलत होता.

दोन दिवस मी मुद्दाम पोळी-भाजीच केली. तिसऱ्या दिवशी कणीक, बेसन आणि बाजरीचं पीठ घेऊन बसले, ओवा चुरडला. मस्त झालं. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा आईच्या स्वयंपाकघरात मी तसंच केलं. आईने पहिला तुकडा तोंडात घातला आणि चावता चावता थांबली.

"यात ओवा घातलास?"

"दिल्लीला असंच करतात," मी म्हटलं.

आईने दुसरं मागून घेतलं. चांगलं झालंय असं मात्र शेवटपर्यंत म्हणाली नाही.