विसाच्या पुढं

"उभी राहा गं. तुझ्या आजोबांना विसाच्या पुढं मोजता येतं का?"

सरांनी हे भर वर्गात विचारलं. त्यांच्या हातात एक जुनं जाड पुस्तक होतं. त्यातलं वाक्य त्यांनी नुकतंच वाचून दाखवलं होतं, की आमच्या भागातल्या मेंढपाळांना विसाच्या पुढची संख्या कळत नाही. वर्ग हसला. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून टोचतं.

एम.ए.चं शेवटचं वर्ष. घरात कॉलेज बघितलेली मी पहिलीच. वडील वडगाव रासाईला शेती करायचे. आजोबांचा, म्हणजे आबांचा, जन्म मेंढरांमागं गेला. मला त्यावरच प्रकल्प करायचा होता. खतासाठी मेंढरं कुणाच्या रानात बसवायची ते कोण ठरवतं, बायका बिऱ्हाड कसं हलवतात. सर म्हणाले, आधी आजवर काय लिहिलंय ते वाच.

महिनाभर ग्रंथालयात वाचलं. आम्ही कुठल्या देवाला काय कापतो ते होतं. आमच्या नाकांची मापं होती. एका फोटोत कोकरू घेतलेली बाई. खाली लिहिलेलं, 'मेंढपाळ स्त्री'. तिला नाव नव्हतं. कोकराच्या जातीचं मात्र होतं. आणि विसाचं ते वाक्य पुस्तकामागून पुस्तकात. एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं.

शनिवारी एसटीनं घरी गेले. आबांनी अजून थोडी मेंढरं ठेवली होती. दिवस मावळताना ती जाळीच्या कुंपणात शिरत होती. आबा तोंडाशी उभे. शेवटचं मेंढरू आत गेलं तसे म्हणाले, "बांडी मेंढी न्हाई आली. कानतुटीचं कोकरू बी न्हाई. जा गं, वढ्याकडं बघ."

गेले. दोन्ही तिथंच होती.

मग त्यांना पुस्तकातलं वाक्य सांगितलं. आबा खो खो हसले. "आगं, मी तरणा व्हतो तवा आसाच एक सायेब आलता. किती मेंढरं हायेत म्हणला. माझा बाप म्हणला, आसत्याल इसभर. म्होरं शंभराच्या वर उभी! लिवून घेतलं की त्यानं."

"खोटं का सांगितलं?"

"आकडा इचारणारा कायतरी न्यायलाच येतो, पोरी."

तोच साहेब होता की दुसरा, मला माहीत नाही. पण मी हे प्रकल्पाच्या आराखड्यात लिहिलं. सरांनी लाल पेनानं खोडलं. शेजारी लिहिलं, 'संदर्भ?'

"आबांनी सांगितलं, सर."

"तुझे आबा हा संदर्भ होत नाही." मग चष्मा काढून अगदी मायेनं म्हणाले, "विषय चांगला आहे. पण तू त्यातलीच. तुला तटस्थ राहता येणार नाही. केतकी करेल. तू तिला मेंढपाळांच्या वाड्यांवर घेऊन जा, ओळखी करून दे. आभारात तुझं नाव येईल."

आभारात.

केतकी पुण्याची, वर्गात पहिली येणारी. शेजारी वही उघडून बसली होती. वाईट नव्हती ती. तिनं सरळच विचारलं, "मांडवगण फराट्यापासून दौंडपर्यंत साधारण किती कळप असतील गं?"

मला सगळे पाठ होते. घरानिशी. नदीच्या अलीकडं कोण, खुटबावला कोण उतरतं.

"असतील वीसभर," मी म्हणाले.

तिनं लिहून घेतलं.

मी माझा खोडलेला कागद उचलला. "सर, विषय माझा आहे. मी कुणाला वाड्यावर नेणार नाही."

"मग माझ्याकडे तुझा प्रकल्प होणार नाही."

"बरं, सर."

ते वर्ष गेलं. पदवी राहिली ती राहिलीच. वडील महिनाभर बोलले नाहीत. माझे वीस कळपही कुठंतरी छापून येतील. येऊ देत. माझ्या वह्या भरत चालल्यात. त्यांच्या संदर्भसूचीत पहिलं नाव आबांचं आहे. पूर्ण, बापाच्या नावासकट. ते खोडा म्हणणाऱ्याच्या हातून मी कागद परत घेईन. दर वेळी.