ब्रेड तर आजाऱ्याले देतात

हळदीकुंकवाच्या भरल्या बैठकीत, नव्या सुनेनं केलेल्या टोस्टांकडे बोट दाखवून मी म्हणाले होते, "आमच्या समुद्रपुरात ब्रेड तर आजाऱ्याले देतात वं बाई." म्हणाले आणि वर हसले. बायाही हसल्या. मग एकीनंही टोस्टाला हात लावला नाही.

अकरा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी छप्पन्न वर्षांची अल्लड पोरगी होते. सासूपण नुकतंच हाती आलं होतं, आणि नवी विळी आणली की दिसेल ते चिरून पाहावं, तशी माझी जीभ चालायची.

तसं मी काही खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे ब्रेडचा पुडा घरात आला की समजावं, कोणाला तरी ताप आहे. दवाखान्यात भेटायला जाताना ब्रेड न्यायचा, दुधात बुडवून चारायचा. सून मात्र वर्ध्याची. तिच्या माहेरी पाहुण्यांसाठी ब्रेडवर शिमला मिरची, कांदा, टमाटर पसरून वर चीज किसायचं आणि भाजायचं, अशी पद्धत. संक्रांतीचा नाश्ता दरवर्षी मी करायची, आलूबोंडे. त्या वर्षी ती म्हणाली, आई, नाश्त्याचं मी पाहते. सकाळपासून खपली बिचारी. ते टोस्ट तसेच पडून राहिले, चीज वाळून कडक झालं. बाया गेल्यावर तिनं त्यावर एक फडकं टाकलं, बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता ती दारात उभी. हातात मोठी पिशवी. "वर्ध्याला जाऊन येते," म्हणाली आणि बसस्टँडकडे निघून गेली. मुलगा आधीच ड्यूटीवर गेलेला. घरात मी आणि आमचे हे. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, पिशवी मोठी होती न? मी म्हटलं, असंल. हे म्हणाले, कपडे असतील.

झालं. त्यानंतर मी काही एका जागी बसले नाही. अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. तुरीच्या डाळीतले खडे निवडायला घेतले आणि डाळच बाजूला टाकत बसले. फोन हातात घ्यायचा, तिचं नाव काढायचं, ठेवून द्यायचा. तिनं उचललाच नाही तर? आणि उचलला, तर बोलू काय? चुकलं म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती. माझ्या सासूबाईंचं चुकलं की त्या दुसऱ्या दिवशी शेवया करायच्या. आपण मुकाट्यानं खायच्या.

दुपारी मी ब्रेड आणायला निघाले. दुकानदार पुडा देताना म्हणाला, काकू, कोण आजारी हाय? वाटेत शेजारीण भेटली, तिनंही पिशवीत डोकावून तेच विचारलं. वळणावर तिसरीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, मीच हावो. ती घाबरून घरापर्यंत सोडायला आली.

आता करायचं कसं? तिला करताना मी पाहिलं होतं, पण नाक मुरडत पाहिलेलं कुठं लक्षात राहतं? भाकरीचा तवा चढवला, भाकरीसारखाच रसरशीत तापवला, त्यावर कालची उरलेली मिरची आणि चीज घालून ब्रेड ठेवला. खालून कोळसा झाला, वरचं चीज साबणाच्या किसासारखं जसंच्या तसं. पहिले चार ह्यांना दिले. ह्यांनी खाल्ले. ह्यांना एवढ्या वर्षांत काय वाढलं आणि काय नाही, हे सांगायला बसले तर वेगळं पुस्तक होईल.

मग आठवलं, तिनं आच मंद केली होती आणि वर झाकण ठेवलं होतं. तसं केलं. पण मन थाऱ्यावर असेल तर ना. झाकण ठेवायचं, फाटकापर्यंत जायचं, वर्ध्याची बस आली का ते बघायचं, परत येऊन झाकण उचलायचं. पुन्हा ठेवायचं, पुन्हा उचलायचं. चीज विरघळायला वाफ लागते, आणि ती मी कोंडूच देत नव्हते. साडेतीनची बस आली. ती नव्हती. मी गॅस बंद केला. चारला पुन्हा पेटवला.

पाचच्या बसनं ती आली. पिशवी रिकामी, घडी घालून काखेत. मी विचारायच्या आधीच म्हणाली की आईचा मोठा ट्रे परत द्यायचा होता, कालच्यासाठीच आणला होता. दिवसभर स्वयंपाकघरात माझ्या शंभर फेऱ्या झाल्या, पण ओट्यावरून तो ट्रे गेलाय हे मला दिसलं नव्हतं. मग म्हणाली, आई म्हणत होती, राह्य दोन दिवस. मी विचारलं, "मंग?" ती म्हणाली, मंग काही नाही, आली.

मी बशी पुढे केली. कडा काळ्या, मिरची कच्ची, चीज अर्धं वितळलेलं. तिनं उभ्यानंच एक उचलला, पूर्ण खाल्ला. दुसरा उचलला. मी पदराला हात पुसत राहिले, पुसायला हाताला काही नसताना. तिनं तव्यावरचं झाकण पाहिलं, ओट्यावरचा पुडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली:

"झाकण ठेवलं का मंग घडीघडी उघडून पाहाचं नसते, आई. पुढच्या संक्रांतीले टोस्टच करू. अन् बायांनी विचारलं तर सांगजा, घरात एकजण आजारी होती, आता बरी हाय."