रिकाम्या काचेतल्या पेशी

इर्मेली इसाल्मी गावातल्या आमच्या शाळेत सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होती. शेजारच्या वर्गात मी रसायनशास्त्र शिकवायचो. तिच्या मुलांच्या आकृत्या इतक्या सुबक असायच्या की मला हेवा वाटे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिने कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी घाईघाईने तयार केली. मुलांनी पाळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि जे दिसलं ते वहीत काढलं. एकोणीसपैकी अठरा वह्यांत विटांसारख्या पेशी होत्या, प्रत्येकीत केंद्रक. हिल्ला नावाच्या मुलीने मात्र जाड काठाची पाचसहा वर्तुळं काढून खाली लिहिलं होतं, 'पेशी दिसल्या नाहीत. हे बहुतेक हवेचे बुडबुडे.' इर्मेलीने तिला दहापैकी पाच गुण दिले.

मधल्या सुट्टीत हिल्ला वही घेऊन आली. मी तिथेच, इर्मेलीच्या वर्गात, कॉफी पीत बसलो होतो.

"इर्मेली, तू स्वतः बघितलंस?" हिल्लाने विचारलं; आमच्याकडे मुलं शिक्षकांना नावानेच हाक मारतात.

"अगं, हजार वेळा बघितलंय."

"या काचेत?"

इर्मेली वैतागून उठली, भिंगाला डोळा लावला आणि तशीच वाकून राहिली. काचेवर पाणी होतं, बुडबुडे होते. पापुद्रा बशीत चिमट्याला चिकटून वाळला होता. ती सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पुढच्या तासाला तिने वर्गाला विचारलं, "केंद्रक कुणाला दिसलं?"

मुलांनी वह्या उघडून आपापल्या आकृत्या बघितल्या. मग ओन्नी नावाचा मुलगा म्हणाला, "मला नाही दिसलं. वाटलं, माझाच डोळा चुकतोय. पुस्तकात होतं म्हणून काढलं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तसं काढलं की तू गुण देतेस."

इर्मेली खुर्चीत बसली. "काच मीही बघितली नव्हती," ती म्हणाली. सगळ्यांचे गुण तिने रद्द केले आणि हिल्लाला दहा द्यायला निघाली.

"दहा नको," हिल्ला म्हणाली. "बुडबुडे हा माझा अंदाजच होता. मीही तपासलं नव्हतं."

त्यानंतर वहीच्या पानावर मधोमध रेघ आली: एका बाजूला दिसलेलं, दुसऱ्या बाजूला आधीच माहीत असलेलं. आकृत्या वेड्यावाकड्या झाल्या, दोन पालकांनी तक्रारही केली. इर्मेलीने ती शांतपणे ऐकून घेतली.

पण गुण रद्द केले त्या दुपारीच शिक्षकांच्या खोलीत ती मला एवढंच म्हणाली, "सव्वीस वर्षांत काच किती वेळा रिकामी होती, हे आता कधीच कळणार नाही."

मी माझ्या वर्गात गेलो आणि कपाटातल्या माझ्या मुलांच्या प्रयोगवह्या उघडल्या.