रिकाम्या घरांचा जांभळा रंग

माझ्या आईचा बिब्ब्यावर विश्वास आहे, पण आंधळा नाही. गुडघा दुखला की सुईच्या टोकावर बिब्ब्याचं तेल घेऊन आधी घोट्यापाशी एकच टिपका द्यायचा, तीन दिवस थांबायचं, आणि उतला नाही, फोड आला नाही, तरच गुडघ्याला लावायचं. लहानपणी मला या थांबण्याचा लय राग यायचा. कातडं तेच, मग वाट कसली बघायची?

तर गेल्या वर्षी भावानं पुण्याहून तिला गुडघ्याचे दोन पट्टे पाठवले. काळे, मऊ, कापडात ग्राफीन. तिनं पूर्णेहून मला फोन केला. "जय भीम. हे ग्राफीन म्हंजी काय गं? कातड्याला चालतंय का?"

प्रश्न तिनं बरोबर माणसाला विचारला होता. मी परभणीत एका प्रयोगशाळेत पीएचडीसाठी हेच काम करते. पेन्सिलीच्या शिशाचा सगळ्यात पातळ थर काढला तर जे उरेल ते ग्राफीन. ते माणसाच्या त्वचेच्या पेशींवर टाकायचं आणि पेशी जगतात का मरतात ते बघायचं. प्लेटमध्ये नखाएवढी घरं असतात. शेवटी त्यांत एक पिवळं द्रावण घालतात. पेशी जिवंत असतील तर ते जांभळं होतं. त्याच आठवड्यात माझी सगळी घरं जांभळी झाली होती. मी हवेत होते.

"बिनधास्त बांध," मी म्हणाले. "माझ्या पेशींना काही झालं नाही, तुला काय होतंय?"

खरं तर पट्ट्यातलं ग्राफीन वेगळं, माझ्या प्लेटमधलं वेगळं. एवढंही मी बोलले नाही. लेक शिकली हे तिला ऐकवायची खुमखुमी, दुसरं काय.

चार दिवसांनी आमच्या मॅडमनी विचारलं, "पेशी न घालता नुसतं ग्राफीन टाकलेली घरं कुठायत?" नव्हती. प्लेटमध्ये जागा पुरत नाही म्हणून मी ती गाळली होती. प्रयोग पुन्हा लावला. बघते तर काय, रिकामी घरंही जांभळी! द्रावणाचा रंग ग्राफीन स्वतःच पालटत होतं. वर्गात पोरगं नाही आणि हजेरी मात्र लागलेली. म्हणजे माझ्या पेशी जगल्या की मेल्या, हे मला ठाऊकच नव्हतं. प्रबंधाचं नंतर बघू, आधी आईचे गुडघे आठवले.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं पूर्णेला गेले. आई दारात मेथी निवडत बसली होती. गुडघे दाखव म्हणाले. पट्टे सोडले तर दोन्हीकडं कातडं लालसर झालेलं.

"खाजायलंय जरा," ती म्हणाली. "घामानं असंल."

घामानं असेल, घट्ट बसल्यानं असेल, ग्राफीननं असेल. मला सांगता येईना, आणि याच कामासाठी मी रोज प्रयोगशाळेत जाते. मग मी तिला सगळं सांगितलं, रिकाम्या घरांसकट. ती निवडता निवडता ऐकत राहिली.

"म्हंजी आमी घोट्याला टिपका देताव, तसं तू न्हाई केलं."

"नाही केलं." स्वतःवरचा राग मी तिच्यावरच काढला. "पण तू तरी आधी एकाच गुडघ्याला बांधून बघायचंस ना. बिब्ब्याला तीन दिवस थांबतेस."

"बिब्ब्याचा काय भरवसा, म्हून थांबते," ती म्हणाली. "हे तू सांगितलंस. म्हून न्हाई थांबले."

मला रडू आलं. तिला दिसू नये म्हणून आत गेले आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. तिच्यासमोर बसले, हातावर तेल घेतलं.

तिनं एकच गुडघा पुढं केला.